पौषातल्या अमावास्येला अंदमान

भटकंती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ४९ वर्षांची, मुलुंडच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. मुलगा पुण्यात शिकतो, यजमानांना प्रवासाची दगदग नको असते. ‘तुला जायचंय तर तू जा,’ असं ते मनापासून म्हणाले, म्हणून जानेवारीच्या सुमारास सहा दिवस एकटीनेच अंदमानला जायचा विचार आहे. एका एजंटने कार्यक्रम पाठवलाय. त्यात सहा दिवसांत चौदा ठिकाणं आहेत : सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, बाराटांगच्या गुहा, हॅवलॉक, नील आणि बरंच काही. मला पोहता येत नाही, पण स्कूबा मात्र करायचंच आहे. दीर म्हणतात, बाईमाणसाने एकटीने बेटावर जाऊ नये, बोट सुटलीच नाही तर काय करशील? तारखा कोणत्या धरू, हा कार्यक्रम झेपेल का आणि दिरांना काय सांगू?
— क. प., मुलुंड (पूर्व)

उत्तर : आधी दिरांना माझा नमस्कार सांगा. बाईमाणसाचं पुढे बघू, पण ‘बोट सुटलीच नाही तर?’ हे त्यांनी नेमकं विचारलं. अंदमानची सगळी सहल या एका प्रश्नावर बेतायची असते. एजंटच्या कागदावर त्याचं उत्तर नाही. त्या कागदावर ठिकाणं आहेत, समुद्र नाही.

आपल्याला सवय अशी, की ८.१२ची लोकल चुकली तर ८.१६ची आहेच. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटावर मात्र बहुतेकांना पाण्यातूनच जावं लागतं. खासगी बोट दीड-दोन तास घेते, सरकारी बोट त्याहून जास्त. वारा उठला आणि बंदरातून परवानगी मिळाली नाही, की त्या दिवशीच्या फेऱ्या रद्द. तिकिटाचे पैसे परत मिळतील, दिवस मिळत नाही. म्हणून कार्यक्रम शेवटाकडून मागे मागे आखायचा.

तुमचं परतीचं विमान सहाव्या दिवशी. म्हणजे पाचव्या दिवशी सकाळच्याच बोटीने पोर्ट ब्लेअरला परत यायचं. ती रद्द झाली तर दुपारची हाताशी राहते. विमानाच्या दिवशीच सकाळी हॅवलॉकहून निघायचं आणि जेट्टीवरून थेट विमानतळ गाठायचा, असे कार्यक्रम एजंट बिनदिक्कत आखून देतात. असा कार्यक्रम आला तर तिथेच नाही म्हणा.

आता स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन मारायची डुबकी. पाण्याखाली दाब जास्त असतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असतो. तेवढ्यात तुम्ही विमानात बसलात, तर त्याच नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून नियम असा : एक डुबकी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त मारल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे. मी सरसकट पूर्ण दिवस धरते. म्हणजे तुमची डुबकी तिसऱ्या दिवशी सकाळी. चौथा दिवस मोकळा ठेवायचा. तिसऱ्या दिवशी सर्दी झाली, पाणी गढूळ निघालं, पाऊस आला, तर डुबकी चौथ्या दिवशी सरकवता येते आणि तरी विमानाचा नियम पाळला जातो. दुसरा दिवस हॅवलॉकला जाण्याचा, पहिला पोर्ट ब्लेअरला पोचण्याचा. झाले सहा दिवस. चौदा ठिकाणांतली बहुतेक आपोआप गळली. नील गळल्याचं मला वाईट वाटतंय, पण सातवा दिवस मिळाला तरच ते घ्या.

तिकिटं काढताना एक बघा. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. कागदावर नवी नावं, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. दोन्ही डायरीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

तारखांचं म्हणाल, तर घरातलं कालनिर्णय काढा आणि पौष महिन्याची अमावास्या बघा. तिच्या आगेमागे जा. पौषात आपण लग्न लावत नाही, अमावास्येला नवी गाडी घराबाहेर काढत नाही, त्यामुळे हा सल्ला घरात वडीलधाऱ्यांपुढे माझं नाव घेऊन वाचू नका. पण माझी कारणं ऐका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं होतात. ती पौषापर्यंत बहुधा निवळलेली असतात, पाणी नितळ असतं, नाताळ आणि नव्या वर्षाची झुंबड परत गेलेली असते. आणि अमावास्या का? हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाकमधून नेतात. वल्हं पाण्यात घातलं, की त्याभोवती निळसर उजेड पेटतो. अतिसूक्ष्म जीवांना धक्का लागला की ते चमकतात, दुसरं काही नाही. चांदणं असलं की ही चमक दिसेनाशी होते. पौर्णिमेला जाऊन ‘काहीच दिसलं नाही’ अशी तक्रार करणारी पत्रं माझ्याकडे येत असतात. पोहता येत नसलं तरी कयाकमध्ये बसता येतं, लाइफ जॅकेट अंगावर असतं. दोघांच्या कयाकमध्ये वाटाड्याबरोबर बसा. त्या वर्षी ही अमावास्या २६ जानेवारीला लागून येत असेल तर थोडं मागेपुढे करा. राष्ट्रीय सुट्टीला जेल बंद असतं आणि जोडून सुट्टी आली की भाडी चढतात.

अमावास्येला भरती-ओहोटी मोठी असते, हे मुंबईच्या माणसाला सांगायला नको. हाजी अलीची वाट कधी बुडते हे आपण लहानपणापासून पाहतोय. तिथलं पाणी आपल्याइतकं चढत नाही. आपल्याकडे उधाणाला साडेचार-पाच मीटरची भरती येते, पोर्ट ब्लेअरला साधारण दोनच्या आसपास. पण हॅवलॉकचा पूर्व किनारा, म्हणजे विजयनगर आणि त्याच्या शेजारच्या पुळणी, फार उथळ आहे. ओहोटीला पाणी दूरवर आत जातं आणि मेलेल्या पोवळ्यांचे धारदार खडक उघडे पडतात. रिसॉर्टच्या फोटोत समुद्र अगदी पायरीशी दिसतो, तो भरतीचा फोटो असतो. त्यामुळे पोचल्याबरोबर खोलीच्या मालकाला भरतीची वेळ विचारा. आपल्या कोळीवाड्यातला ‘तिथीची पाऊणपट’ हा हिशोब (चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला) कोकण किनाऱ्याचा आहे. बंगालच्या उपसागरात तो लावायला जाऊ नका, तिथल्या वेळा वेगळ्या. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, एवढंच दोन्हीकडे सारखं.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. मुंबई ७३ अंश रेखांशाच्या जवळ, पोर्ट ब्लेअर जवळपास ९३ वर. वीस अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ऐंशी मिनिटं, घड्याळ मात्र तेच. जानेवारीत तिथे सहाच्या आत उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. मुंबईच्या सवयीने नऊला उठून, चहा-नाश्ता करून अकराला बाहेर पडाल, तर अर्धा दिवस गेलेला असेल. आणि राधानगर, म्हणजे सात नंबरची पुळण, ही पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर, जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी आहे. २०२० मध्ये तिला ब्लू फ्लॅग मिळाला, म्हणजे पाणी आणि स्वच्छता चांगली, आणि गर्दीही त्या मानाने बरी विखुरते. तिथे सूर्यास्त बघा, पण परतीची रिक्षा जातानाच ठरवून, थांबवून ठेवा. सहाच्या पुढे तो रस्ता पूर्ण काळोखात असतो. स्कूटर भाड्याने मिळते आणि दिवसा झकास आहे, पण त्या काळोखात एकटीने चालवायचा हट्ट नको. तो मी तरुण मुलग्यांनाही करू देत नाही.

त्याच पुळणीवर मगरींचे इशारे देणारे फलक लावलेले आहेत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानच्या खाड्यांत खरोखर आहेत आणि २०१० मध्ये इथे एका पर्यटक बाईंचा जीव गेला होता. फलक आणि जीवरक्षक जिथे थांबा म्हणतील तिथे थांबायचं, खाडीच्या तोंडाशी एकटीने उतरायचं नाही. एवढं पाळलंत तर रात्रीची झोप घालवायचं कारण नाही.

आता तुमच्या मुख्य हौसेकडे येते. पोहता न येणाऱ्यांना पहिली डुबकी मारता येते. तिला तिथे ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात. नियमाने तुम्हाला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, बहुतेक वेळा त्याहून वरच ठेवतात. प्रशिक्षक मागून तुमची टाकी धरून असतो. हात-पाय मारायची फारशी गरज नाही, उलट मारू नका, पोवळी मोडतात. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवतील, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून बाहेर कसं काढायचं ते दाखवतील. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा ठरलेल्या असतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘मला वर न्या’. आपल्याकडची मंडळी खुशीत अंगठा दाखवतात आणि बिचाऱ्यांना वर आणून ठेवतात.

दोन गोष्टींना पर्याय नाही. श्वास रोखून धरायचा नाही, कधीच. वर येताना फुप्फुसातली हवा पसरते, तिला बाहेर जायला वाट हवी. आणि खाली जाताना दर मीटर-दोन मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करायचे. दुखायला लागायच्या आधी. दुखलंच तर हात हलवून कानाकडे बोट दाखवा, थोडं वर आणतील, मग पुन्हा खाली. सर्दी असली की कान मोकळे होत नाहीत, म्हणून तर चौथा दिवस रिकामा ठेवलाय.

डुबकीआधी तब्येतीचे प्रश्न असलेला कागद भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, रक्तदाबाच्या गोळ्या. त्यात खरं लिहायचं. ‘एवढे पैसे भरलेत, आता नाही म्हणाले तर’ या भीतीने लोक सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकतात. तुमचं वय ४९, तेव्हा मुंबईतच आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘डुबकी मारायला हरकत नाही’ अशी चिठ्ठी आणा. चष्मा असेल तर बुकिंग करतानाच नंबर सांगा, काही ठिकाणी नंबरचे मास्क असतात. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र बघायला मागा. चांगला प्रशिक्षक न चिडता दाखवतो. एकाच्या हाताखाली चार-चार नवखे देत असतील तर दुसरीकडे जा, तुम्हाला एकास एक हवा. आणि जायच्या आधी महिनाभर मुलुंडच्या पालिकेच्या तरणतलावावर जा. पोहायला शिकलात तर उत्तमच, नाही तर निदान उथळ पाण्यात तोंड बुडवून डोळे उघडायची सवय करा. घाबरण्यातला निम्मा भाग तिथेच उरकतो.

खाली काय दिसेल? विदूषक मासा समुद्रफुलाच्या बोटांत लपलेला, पोपटमासे पोवळं कुरतडताना, एखादा समुद्रकाकडीचा निवांत गोळा. पोवळ्यांचे रंग जाहिरातीतल्याइतके भडक नसतात. खोल पाण्यात लाल रंग विरून जातो, आणि शिवाय २०१० मध्ये पाणी तापल्याने इथली बरीच पोवळी पांढरी पडून मेली. काही भाग सावरला, काही नाही. मला ते राखाडी भागही बघण्यासारखे वाटतात, पण ही आवड सगळ्यांची नसते.

चौथ्या दिवशी काही करू नका, असं मी मनापासून सांगते. अगदीच चैन पडलं नाही तर एलिफंट बीचला वाटाड्या घेऊन जंगलातून चालत जा. शेवटी चिखल लागतो, चप्पल नको, घट्ट बूट घाला. पुळणीवर वाळूमाश्या चावतात, डास परवडले. त्या जानव्याएवढ्या बारीक जागेतही बरोबर चावतात आणि आठवडाभर खाज राहते. खोबरेल तेल फासून बसा.

बाराटांग मी तुमच्या कागदावरून लाल शाईने खोडलंय. गुहा चांगल्या आहेत, चिखलाचा ज्वालामुखीही आहे, पण तिथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे अंधारात निघून जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्यासाठी ताटकळायचं, आणि मग गाडीतली निम्मी मंडळी काचेला नाक लावून ‘दिसले का, दिसले का’ करत बसतात. माणसं बघायला जायची ही तऱ्हा मला सहन होत नाही. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. वाहतूक चालूच राहिली. चालू आहे म्हणून आपण जायलाच हवं असं नाही. एकटीने सहाच दिवस आहेत, त्यातला एक त्या ताफ्यात घालवू नका.

सेल्युलर जेल पाचव्या दिवशी दुपारी, आणि त्याच संध्याकाळी तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम. बोटीच्या आणि विमानाच्या मधल्या दोन तासांत ते कोंबू नका. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्याभोवती सात पाकळ्या होत्या, आज तीन उरल्यात. एका पाकळीच्या कोठड्यांची दारं पुढच्या पाकळीच्या पाठीकडे उघडतात. समोर कोण आहे ते कैद्याला दिसूच नये अशी सोय. सावरकर १९११ मध्ये इथे आले. थोरले बाबाराव आधीपासून इथेच होते. दोघे भाऊ एका छपराखाली, आणि भेट नाही. मराठी माणसं तात्यारावांच्या कोठडीपुढे चपला काढतात, नमस्कार करतात आणि परत फिरतात. ते करा, पण तेवढ्यावर परतू नका. नावांच्या फलकांवर बंगाल आणि पंजाबची किती नावं आहेत ती वाचा. बारींद्र घोष, उल्हासकर दत्त आपल्याला पुसट आठवतात, बाकीची आठवतही नाहीत. कोलूची प्रतिकृती आहे, फाशीघर आहे. मग गर्दी नसलेल्या एखाद्या कोठडीत जाऊन थोडा वेळ बसा. साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. मुंबईच्या माणसाला खोलीचं माप सांगितलं की फार समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता दिरांचं ‘बाईमाणूस’. अंदमान हे मधुचंद्राचं ठिकाण झालंय. तुम्हाला एकटीला सगळ्यात जास्त त्रास होईल तो ‘काकू, आमचा एक फोटो काढता?’ याचा. दहा फोटो काढून दिलेत की त्यांना तुमचाही एक काढायला लावा. बाकी खबरदारी मुंबईत घेता तीच : पहिल्या दोन रात्रींच्या खोल्या इथूनच ठरवून जा, पोर्ट ब्लेअरला जेट्टी किंवा बाजार यांच्या जवळ आणि हॅवलॉकला तीन किंवा पाच नंबरच्या पुळणीजवळ, जिथे आजूबाजूला दुकानं आणि वर्दळ आहे. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी. रोख पैसे थोडे जास्त, कारण नेटवर्क गेलं की क्यूआर कोडही जातो. मूळ ओळखपत्र हातपिशवीत, कारण बोटीवर चढताना ते मागतात. दिरांना म्हणावं, बोट सुटली नाही तर मी हॅवलॉकमध्ये अजून एक दिवस मासे खाईन, विमानाला एक दिवस हाताशी आहे.

प्रश्न : मला चारच दिवस रजा आहे. हॅवलॉक की नील?
— ठाण्याहून एक वाचक

उत्तर : नील. माझा पक्षपात आहे आणि तो मी लपवत नाही. बेट लहान, सायकलवर आटोपतं, पुळणींची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं, त्यांची भाजीची शेतं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या पुळणीवर खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीलाच जायचं. भरतीत वाट पाण्याखाली असते, आणि उघड्या पडलेल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे बघायचे म्हणजेही ओहोटीच हवी. बूट घाला, खडक निसरडे आहेत. चार दिवसांत दोन्ही बेटं करायला गेलात तर जेट्ट्यांचेच फोटो घेऊन याल. आणि तुम्हालाही तोच नियम : शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला.

प्रश्न : विमानाऐवजी चेन्नईहून जहाजाने गेलं तर स्वस्त पडेल का? एकटाच आहे, घाई नाही.
— लालबागमधला वाचक

उत्तर : चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं जातात, साधारण तीन दिवस लागतात. रोजची नाहीत, तारखा आधी बघाव्या लागतात आणि बदलतात. खालच्या वर्गाचं तिकीट विमानापेक्षा स्वस्त असू शकतं, पण मुंबई-चेन्नई रेल्वे, चेन्नईतली राहायची सोय आणि जाऊन-येऊन आठवड्याची रजा हे धरा. खरंच घाई नसेल तर एकदा जा, येताना विमानाने या. परतीच्या जहाजाची तारीख पुढे गेली की एकट्या माणसाचे पैसे पोर्ट ब्लेअरच्या लॉजमध्ये संपतात.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी. उपाशी राहीन का?
— विलेपार्ले

उत्तर : नाही. इडली-डोसा, बंगाली डाळ-भात, पुरी-भाजी सगळीकडे मिळते. मुख्य भूमीवरून येणारी भाजी महाग पडते, इतकंच. संकष्टीला साबुदाणा मागू नका, केळी आणि शहाळी भरपूर आहेत.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी शंख आणि पोवळ्याचे तुकडे आणायचे आहेत. पुळणीवर पडलेले चालतील ना?
— बोरिवली

उत्तर : चालणार नाहीत. पोवळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला, वाहून आलेला तुकडा असला तरीही. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात आणि पुढचा मनस्ताप वेगळा. दुकानातून परवानगी असलेल्या शंखाची वस्तू घेतलीत तर पावती जपून ठेवा. मुलीला म्हणावं ओहोटीच्या डबक्यांचे फोटो काढ आणि खाली नावं लिही. बाईंना तो प्रकल्प जास्त आवडेल.

प्रश्न : आमची २४ वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात एकटीच हॅवलॉकला चाललीय. तिला अडवायचं नाही, पण तिथे फोन लागत नाही असं ऐकलं. आम्ही काय करावं?
— गोरेगाव (पश्चिम)

उत्तर : ऐकलेलं थोडं जुनं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून अंदमानपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाली, त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. तरी हॅवलॉकच्या जंगलाच्या भागात आणि बोटीवर तास-दोन तास फोन मरतोच. त्यामुळे ‘दर दोन तासांनी मेसेज कर’ असं तिला सांगू नका. ती विसरेल, इथे तुम्ही पोलिसांचा नंबर शोधत बसाल. तिच्याशी एकच वेळ ठरवा, संध्याकाळी साडेसातची. तिथे तोवर दोन तास अंधार झालेला असतो, ती खोलीवर पोचलेली असते. मेसेज आला नाही तर साडेआठपर्यंत थांबायचं, मग तिला नाही, खोलीच्या मालकाला फोन करायचा. म्हणून निघण्याआधी तिच्याकडून एवढं घ्या : प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा फोन नंबर, बोटींच्या तिकिटांचे फोटो, आणि स्कूबा कुठल्या दिवशी, कोणाकडे ते. फेरी रद्द झाली तर तिला वरची मुलुंडच्या बाईंची पद्धत माहीत असावी, म्हणून हे पान कापून तिच्या पिशवीत टाका.